तयार फेटा: बांधणारा एक, शिवणारी दुसरी, बैठक एकच

सुईदोरा (अंबाजोगाई)

तयार फेट्यांचं काम आमच्याकडं गणपतीच्या मूर्तींच्या छोट्या फेट्यांपासून सुरू होतं. मग १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, नवरात्र, तुळशीच्या लग्नानंतरची लगीनसराई, मार्गशीर्षात योगेश्वरीचा महोत्सव, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, पाडव्याची शोभायात्रा आणि १४ एप्रिलला भीमजयंती. भगवा, गुलाबी, निळा, पांढरा असे रंग बदलत राहतात. फेटा कसा बांधायचा याचे व्हिडिओ ढिगानं सापडतात, पण दोन कारागिरांनी मिळून तो कसा करायचा यावर मला मराठीत फारसं काही वाचायला मिळालं नाही. म्हणून हा धागा.

मी मूळची ब्लाउज शिवणारी. माझ्या जोडीला आमच्या भागातले फेटेवाले मामा आहेत. नात्यातले नाहीत, पण सगळा भाग त्यांना मामाच म्हणतो. तरुणपणापासून लग्नात वऱ्हाड्यांच्या डोक्यावर फेटे बांधत आलेत. मांडवात रांगेनं माणसं बसवायची आणि मुहूर्ताच्या आत सगळ्यांची डोकी बांधून मोकळं व्हायचं, असा त्यांचा हात. सुई ते धरत नाहीत. फेटा बांधणं माझ्याकडं नाही. आम्ही दोघं मिळून साच्यावर तयार फेटे, मुलांचे जिरेटोप आणि सांगून आलेल्या शोभेच्या टोप्या करतो.

माझं मत आधीच सांगते. एकानं सकाळी पंचवीस फेटे बांधून टाचण्या लावून ठेवायचे आणि दुसऱ्यानं दुपारी शिवायचे, ही पद्धत मला मान्य नाही. दोघांनी एकाच साच्याला समोरासमोर बसायला हवं. वेळ जास्त जातो, तरीही.

कारण कापडातच आहे. फेट्याचं कापड सरळ गुंडाळलं तर डोक्यावर लाकडासारखं उभं राहतं. बांधणारा ते तिरकं, म्हणजे उरेब ओढून घेतो. उरेब कापड ताणलं जातं, डोक्याच्या गोलाईला बसतं आणि निऱ्या एकावर एक पाकळीगत दिसतात. पण ताण सुटला की तेच कापड हळूहळू मागं येतं. माणसाच्या डोक्यावर बांधलेल्या फेट्यात वरचा वेढा खालच्याला दाबून ठेवतो, शिवाय तो दोन-चार तासच राहायचा असतो. तयार फेटा कपाटात महिनोन् महिने राहतो. टाचणी एका ठिकाणी धरते, तिच्या दोन्ही बाजूंची निरी ढिली पडतेच. म्हणून ताण हातात असतानाच टाका पडला पाहिजे.

आम्ही करतो ते असं. सुताराकडून करून घेतलेला लाकडी साचा. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण २२ ते २३ इंच असतो, साचा त्याहून जरा लहान ठेवलाय आणि माप वाढवायचं असेल तर वर सुती पट्टी गुंडाळतो. त्यावर बकरमची, म्हणजे खळ देऊन कडक केलेल्या जाड कापडाची टोपी, आतून मलमलचं अस्तर, कपाळाला टेकते तिथं दुहेरी सुती पट्टी. घाम पट्टीनं प्यायला हवा, बकरमपर्यंत गेला तर बकरम मऊ पडतं आणि टोपीचा आकार जातो.

मग कापड. एक शेव मामांच्या हातात, दुसरी माझ्या. आम्ही अंगणात लांब उभे राहतो आणि कापड हवेत ताणून त्याच्या निऱ्या घालत एकमेकांकडं येतो. जमिनीवर पसरून एकट्यानंही निऱ्या घालता येतात, पण मधल्या भागात कापड सैल राहतं आणि ती सैली पुढं कपाळावर दिसते.

पहिला वेढा उजव्या कानशिलापासून. मामा अंगठा कानाच्या वर टेकवून धरतात, उरलेल्या चार बोटांनी निऱ्या पंख्यासारख्या उघडतात आणि म्हणतात, "हं." तेवढ्या एका "हं"वर माझी सुई आतून वर येते. टाका निरीच्या घडीत, बाहेरून दिसणार नाही असा. आधी एक उलटी टीप, मग दोन बोटं सोडून दुसरी. उलटी टीप अशासाठी, की धावदोरा ओढला जातो आणि कापडाला सुरकुती पडते, उलटी टीप जागच्या जागी धरते. दोरा दुहेरी आणि मेण लावलेला. टीप पडली की मी "सोडा" म्हणते, मामा अंगठा पुढं सरकवतात. एका वेढ्याला असं पाच-सहा वेळा होतं. माझ्या "सोडा"च्या आधी अंगठा हलला तर तो वेढा उसवायचा, यावर आमची कधी वादावादी झालेली नाही.

दुसरं कारण नजरेचं. बांधणारा बाजूनं बांधतो, तो समोरून बघू शकत नाही. शिवणारीची नजर सुईच्या टोकाशी असते. म्हणून तीन वेढे झाले की आम्ही जागा बदलतो. मी समोरून मामांचं काम बघते, मामा साचा फिरवून आतले टाके बघतात. डावी बाजू जड झाली का, कपाळावरची टोकं भुवयांच्या मध्यावर येतात का, हे मी सांगायचं. टाका फार घट्ट झालाय का, हे त्यांनी. मामांची बोटं निरीवरून फिरली की कुठला टाका ओढलेला आहे ते त्यांना न बघता कळतं.

तुरा आणि शेमला (मागं सोडलेलं लोंबतं टोक) शेवटी. तुऱ्याला सुती कापड असेल तर साबुदाण्याची खळ. पॉलिस्टरला खळ धरत नाही, तिथं आतून बकरमची पातळ पट्टी घालावीच लागते. मोत्याची लड, शिरपेच, कलगी हे सगळं टाक्यानं लावायचं, ग्लू गननं नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. तो डिंक मऊ पडतो आणि ऐन वरातीत मोती ओघळतात.

जोडीनं काम करणाऱ्यांनी आपापली पद्धत लिहा. फेटा, पगडी, बाशिंग, कुंची, काहीही चालेल.

बालाघाट

मनापासून लिहिलंय आणि टाक्याचा भाग तर फार आवडला. पण माझा विरोध नोंदवतो. मी स्वतः फेटे बांधतो, वडीलही बांधायचे. फेटा म्हणजे कापड. डोक्यावर असतो तोवर फेटा, सोडला की पुन्हा कापड. प्रत्येक डोकं वेगळं असतं: कुणाचं कपाळ रुंद, कुणाचे कान बाहेर, कुणाला टक्कल. त्या माणसाकडं बघून बांधणारा पहिल्या वेढ्याचा कोन ठरवतो. साच्यावर शिवलेली वस्तू ही टोपी झाली. आणि ती स्वस्त पडते म्हणून लग्नघरं आता बांधणाऱ्याला बोलवतच नाहीत. तुमच्या मामांसारख्या माणसाचा हात साच्याला जुंपणं मला पटत नाही.

रानवारा

बालाघाट, +१. पण शाळेच्या स्नेहसंमेलनाला चाळीस पोरांना कोण बांधत बसणार? तिथं तयारच लागतात.

सुईदोरा (अंबाजोगाई)

बालाघाट, तुमचा मुद्दा मी हलक्यानं घेत नाही. मामाही नवरदेवाचा फेटा साच्यावर करत नाहीत. नवरदेव, त्याचा बाप, त्याचा मामा, यांना डोक्यावरच बांधायचा, ही त्यांची अट मी पहिल्या दिवसापासून पाळतेय. पण शिवून ठेवलेलं शिरोभूषण म्हणजे परंपरेबाहेरचं, हे मात्र मान्य नाही. पागोटं रोज बांधायचं आणि पगडी एकदा घडवून घ्यायची, हा फरक आपल्याकडं जुना आहे. पगडी बांधून शिवून देणारे पगडबंद हे वेगळे कारागीरच होते. पुणेरी पगडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती तर पूर्ण घडीव वस्तू. आपण पगडीला टोपी म्हणत नाही.

शिवाय तयार फेट्याचं गिऱ्हाईक कोण ते बघा. गणपतीच्या मूर्ती. लहान मुलं, जी पाच मिनिटं एका जागी बसत नाहीत. आणि शोभायात्रेतल्या बायका. बाईच्या डोक्यावर अंबाडा असतो, गजरा असतो. तिच्यासाठी आम्ही मागचा भाग उघडा ठेवून टोपी शिवतो, अंबाड्याच्या खालून इलॅस्टिक घेतो. पुरुषाच्या मापाचा फेटा बाईच्या केसांवर बसवला की तो मागून उचलला जातो आणि कपाळावर येतो. हे काम मांडवात पाच मिनिटांत होणारं नाही.

आणि मामांचं सांगते. लग्नात दिवसभर उभं राहून हात वर धरून बांधायचं, हे आता त्यांच्या खांद्याला झेपत नाही. साच्यापुढं ते बसून काम करतात. त्यांचा हात या कामामुळंच चालू आहे.

बालाघाट

खांद्याचं लिहिलंत ते शंभर टक्के खरं. माझ्या वडिलांचाही उजवा खांदा त्यापायीच गेला. नवरदेवाचा डोक्यावरच, ही अट वाचून बरं वाटलं. एक विचारतो, डावं-उजवं कसं सांभाळता? काही लोकांना तुरा डावीकडं हवा असतो.

सुईदोरा (अंबाजोगाई)

तुरा डावीकडं हवा तर मामा बांधणीच उलट्या हातानं सुरू करतात आणि मी साच्याच्या दुसऱ्या बाजूला जाते. नुसता तुरा उचलून पलीकडं लावला तर निऱ्यांचा उतार आणि तुरा एकमेकांशी भांडतात.

गोदाकाठ (नांदेड)

धागा वाचून राहवलं नाही. अंगणात दोघांनी कापड ताणून निऱ्या घालण्याचं जे लिहिलंय, ते आमच्या नांदेडात रोज सकाळी दिसतं. शीख लोक दस्तार, म्हणजे त्यांची पगडी, बांधायच्या आधी कापडाची "पूणी" करतात. एकजण एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, कापड ताणून लांबीत घड्या घालायच्या. घरात बाप-लेक, भाऊ-भाऊ, नवरा-बायको एकमेकांसाठी करतात. एकटा असला तर दाराच्या कडीला टोक अडकवतात, पण दुसरा माणूस असला की घडी सरळ येते. माझ्या शेजारच्या सरदारजींना मीच कित्येकदा टोक धरून दिलंय. ते मला घडीची रुंदी डोळ्यानं दाखवतात, बोलायचं काम पडत नाही.

एक मात्र नम्रपणे सांगतो. दस्तार ही त्यांच्या श्रद्धेची गोष्ट आहे, शोभेची टोपी नाही. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात होला मोहल्ल्याच्या सणाला निहंग शीख योद्ध्यांचे उंच निळे दुमाले (पगड्या), त्यावरची पोलादी चक्रं बघून काही हौशी मंडळी तसलं काहीतरी साच्यावर करून मागतात. कुणी मागितलं तर करून देऊ नका.

सुईदोरा (अंबाजोगाई)

गोदाकाठ, फार चांगलं सांगितलंत. असलं काम आम्ही घेत नाही आणि घेणारही नाही. पूणीबद्दल मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "टोक धरणाऱ्याला बी अर्धा फेटा येतो."

पाथरीकर

ताई, आमच्याकडं अजून बी बाशिंगं करतेत. मी अन् घरची मिळून करतो. पोळ्याच्या आदी दोन महिने हात रिकामा नसतो. माणसाची बी करतो, बैलाची बी. बैलाच्या बाशिंगाला पुठ्ठा जाड लागतो, कारण बैल मान हलवतो अन् शिंगाला घासतं. आमचं काम असं वाटलंय. मी पुठ्ठा कापतो, खळीनं कागद चिकटवतो, दोऱ्या ओवतो. बेगड, आरसे, गोंडे अन् रंग तिचा. तिनं रंग सांगितल्याबिगर मी कागद चिकटवत नाही, कारण खालचा कागद वर दिसतो, पातळ बेगडीतून तर लईच.

एक सांगतो, खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालू नका. वह्या-पुस्तकं बांधणारे घालतेत, किडा लागू नये म्हणून. पण ते विष आहे. बैल बाशिंग चाटतो, एकमेकाचं बी चाटतेत. माणसाच्या कपाळाला घामानं उतरतं. खळ ताजी करा, पातळ लावा, सावलीत वाळवा, किडा लागत नाही.

आता बैलच कमी झाले. ट्रॅक्टर आले, ज्याच्या दावणीला चार बैल होते त्याच्याकडं आता जोडी बी नाही. तरी पोळ्याला मातीच्या बैलाला का होईना बाशिंग नेतेत. लहान बाशिंगं आता जास्त जातेत.

निशिगंध

पाथरीकर दादा, मोरचुदाचं लिहिल्याबद्दल आभार. मी बाळंतविड्याच्या कुंच्या आणि टोपडी शिवते, माझी जाऊ मण्यांचं काम करते. कुंचीला खण वापरते, गुळेदगुड्डचा. काठ पुढं आला की चेहऱ्याभोवती सुंदर दिसतो. पण सुती-रेशमी खण बाळाच्या गालाला टोचतो. काय करावं?

आणि दुसरी अडचण जरा नाजूक आहे. गिऱ्हाईक कौतुक करतं ते मण्यांचं. कुंची मी शिवते, नक्षी तिची दिसते. पैशावरून नाही, पण मनात येतं. जोडीत काम करणाऱ्यांना हे होत नाही का?

सुईदोरा (अंबाजोगाई)

कुंचीचं आधी. चेहऱ्याजवळ खणाचा काठ आतल्या बाजूला वळवू नका. आतून धुवून मऊ केलेलं मलमल घ्या आणि ते काठाच्या कडेपेक्षा सुतभर बाहेर काढून गोट करा, म्हणजे गालाला मलमलच लागेल. नव्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण साडेतेरा-चौदा इंच, वर्षाचं होईतो अठराच्या आसपास जातो, म्हणून मागं चुण्या ठेवून वाढीला जागा ठेवा. हनुवटीखाली लांब नाडी नको. आणि मणी बाळाच्या हाताला येतील तिथं अजिबात नकोत, हे जाऊबाईंना प्रेमानं पण ठामपणे सांगा. बाळ ओढतं, दोरा तुटतो, मणी तोंडात जातो. मण्यांची नक्षी मागच्या पदरावर घ्या. फोटोत मांडीवरच्या बाळाचा पदर खाली पसरलेला असतो, नक्षी तिथंच उठून दिसते.

आता दुसरा प्रश्न. होतं. मांडवात लोक म्हणतात, "मामा, काय फेटा बांधलाय!" टाका दिसतच नाही, दिसला तर काम वाईट. माझं चांगलं काम म्हणजे ज्याचा पत्ता लागत नाही ते. मला त्याचं दुःख नाही, कारण मामांना ते माहीत आहे आणि ते गिऱ्हाइकासमोर फेटा उलटा करून आतली बाजू दाखवतात. मी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. तुम्ही दोघींनी मिळून ठरवा की प्रत्येक कुंची गिऱ्हाइकाला देताना आधी आतून दाखवायची, मग बाहेरून. जाऊबाईंनीच दाखवावी. शिवणीबद्दल तिनं बोलावं, मण्यांबद्दल तुम्ही.

निशिगंध

हे फार आवडलं. आजच बोलते तिच्याशी.

चंद्रभागा_७

माझ्या मुलाला शाळेत नाथषष्ठीच्या कार्यक्रमात वासुदेव करायचाय, एकनाथ महाराजांच्या भारुडातला. वासुदेवाची टोपी कशी करायची? मोरपिसं कुठं मिळतील? आम्ही पाटोदा तालुक्यातले, नायगावचं मयूर अभयारण्य जवळ आहे, तिथून चार पिसं वेचून आणली तर चालेल का?

सुईदोरा (अंबाजोगाई)

अभयारण्यातून काहीही उचलू नका, पीसही नाही. मोर राष्ट्रीय पक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला पूर्ण संरक्षण आहे. आपोआप गळलेल्या पिसांची विक्री देशात चालते, परदेशी पाठवायला मात्र बंदी आहे. आमच्याकडं एकांनी परदेशातल्या महाराष्ट्र मंडळासाठी वासुदेवाच्या टोप्या मागितल्या होत्या, आम्ही पिसांऐवजी कापडाची केली आणि त्या जास्त टिकाऊ झाल्या.

कृती सांगते, लहान मुलासाठी. बकरमचा शंकू, उंची मुलाच्या चेहऱ्याएवढी, त्याहून जास्त नको, नाहीतर वारा लागला की मान मागं जाते. शंकूचा तळ डोक्याच्या मापापेक्षा बोटभर मोठा आणि आत सुती पट्टीची कड, म्हणजे टोपी डोक्यावर न बसता कडेवर बसते आणि हवा खेळते. मोराच्या डोळ्यासाठी हिरवं, त्यावर निळं, मध्ये जांभळं असं साटिनचं कापड तीन गोलांत एकावर एक शिवायचं. पिसाची दांडी म्हणजे सोनेरी दोरा. ओळी खालून वर लावत जायच्या, कौलं शाकारतात तशा, म्हणजे वरच्या ओळीनं खालचे टाके झाकले जातात. टोकाला पितळी कळसाऐवजी पुठ्ठ्याचा, सोनेरी कागद लावून. पितळेचं वजन मुलाला पेलत नाही.

हे काम दोघांनीच करा. एकानं शंकूच्या आत हात घालून आतून बोट लावायचं, दुसऱ्यानं बाहेरून सुई घालायची. शंकूत एकट्याला सुई परत घेता येत नाही.

चंद्रभागा_७

मुलाचे आजोबा आत हात घालायला तयार आहेत. म्हणतात, बोटाला टोचलं तर ओरडणार नाही.

हिमायतबाग

संभाजीनगरहून. मी हिमरूचे उरलेले तुकडे घेऊन टोप्यांच्या पट्ट्या करतो. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र असतं, समोरून नक्षी सुरेख, पण पाठीमागं धाग्यांचे मोकळे पदर सुटलेले असतात. ते अंगठीत, कानातल्यात अडकतात. फेट्याच्या कपाळपट्टीला हिमरू लावणार असाल तर अस्तर घातल्याशिवाय लावू नका. तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला आणली तेव्हा हे विणकर इकडं आले असं आमच्याकडं सांगतात. आता हातमागावर विणणारी घरं थोडी उरलीत, त्यामुळं तुकडासुद्धा जपून वापरतो.

तुम्ही गोटा, मोती, शिरपेच कुठून आणता?

सुईदोरा (अंबाजोगाई)

रोजचं लातूरच्या गंजगोलाईतून. तिथं सोळा रस्ते येऊन मिळतात, एका रस्त्यावर मिळालं नाही तर पुढच्यावर मिळतं. मोठी खरेदी हैदराबादला, बेगम बाजारात. तिथं दोघं मिळूनच जातो. मामा कापड बोटांत चोळून सांगतात, निरी धरेल की नाही. मी उन्हात नेऊन रंग बघते आणि कोपरा ओला करून रुमालावर घासते. शिवजयंतीचा भगवा रंग घामानं कपाळावर उतरला तर तो फेटा कितीही चांगला बांधलेला असो, परत येतो.

हिमरूची पट्टी मामांना दाखवायची आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

रानवारा

पैशाची वाटणी कशी करता, ते कुणी लिहीत नाही. माझ्या ओळखीत दोन मैत्रिणींची जोडी यावरूनच फुटली.

सुईदोरा (अंबाजोगाई)

आमचं असं आहे. माल एकत्र खात्यातून. ऑर्डरचा बयाणा आला की आधी मालाचे पैसे बाजूला. राहिले त्यातले दोघांचे अर्धे-अर्धे. बांधण्याला जास्त की शिवण्याला जास्त, हा हिशेब आम्ही ठेवत नाही, कारण बैठक एकत्र असते आणि तास सारखेच पडतात. वाटून काम केलं असतं तर हा वाद नक्की आला असता. मामा एकटे लग्नात डोक्यावर बांधायला जातात ते पैसे पूर्ण त्यांचे. मी ब्लाउज शिवते ते माझे.

दुरुस्ती फुकट, पण कारण वहीत लिहून ठेवायचं. टाका सुटला, रंग गेला, तुरा वाकला, की गिऱ्हाइकानं गाडीत दाबून ठेवला. चातुर्मासात लग्नं नसतात तेव्हा ती वही काढून बसतो आणि पुढच्या हंगामासाठी काय बदलायचं ते ठरवतो. बकरमच्या टोपीला मागं चीर द्यायची सुरुवात त्यातूनच झाली, कारण मोठ्या डोक्यांच्या तक्रारी सगळ्या एकाच प्रकारच्या होत्या.

उधारी कुणाला द्यायची हे दोघांनी मिळून ठरवायचं. एका कार्यक्रमवाल्यानं पन्नास-एक फेटे नेऊन वापरून परत पाठवले, "मापात नाहीत" म्हणून. आतल्या पट्ट्या घामानं ओल्या होत्या. तेव्हापासून निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही. आणि "नाही" म्हणायचं काम माझं. मामांना समोरच्याला नाही म्हणता येत नाही.

बालाघाट

पुन्हा आलो. मी आणि माझी बहीण मिळून एक करून बघतोय, ती शिवणकाम करते. पहिल्या वेढ्यालाच अडलोय. ती टाका घालेपर्यंत माझा अंगठा थकतो आणि निरी सरकते. मामा इतका वेळ कसे धरतात?

सुईदोरा (अंबाजोगाई)

मामांना विचारून लिहितेय. ते म्हणतात, अंगठ्यानं दाबायचं नाही. अंगठा नुसता टेकवायचा आणि ताण दुसऱ्या हातानं, कापडाच्या मोकळ्या टोकाकडून द्यायचा. मोकळं टोक मांडीखाली दाबून बसलात तर दुसरा हातही सुटा होतो. साचा तुमच्या छातीच्या उंचीला हवा, त्याहून वर गेला की खांद्यावर येतं.

बहिणीला सांगा, सुईत दोरा ओवून, गाठ मारून, मेण लावून चार-पाच सुया उशीत तयार ठेवायच्या. वेढा धरलेला असताना दोरा ओवत बसायचं नाही. आणि पहिली टीप कानाजवळ न घालता मागं, मानेच्या वर घाला. तिथं कापडाचे पदर एकावर एक येतात, धरायला सोपं जातं. तिथून पुढं कानशिलाकडं या.

साच्याची मापं हवी असतील तर पाठवते, सुताराला सागवान नको सांगा, जड होतं आणि टाचणी शिरत नाही.

बालाघाट

मांडीखाली टोक दाबलं आणि वेढा बसला. मापं पाठवा. लहान मुलांच्या साच्याचीही.